माथेरानचा जुना बंगला: कौलावर १८६५ आहे, पण तिथे नावाजलेलं कुणी राहिलं नाही

माळ्याचा नातू:
नमस्कार मंडळी. माथेरानमधल्या एका बंगल्याबद्दल विचारायचं आहे. आजोबा तिथे माळी होते, नंतर बाबांनी पाहिलं, आता किल्ल्या माझ्याकडे असतात. मालकांचे वारस मुंबईला. त्यांचं म्हणणं, माथेरान इंग्रजांच्या नजरेत आणणाऱ्या मॅलेट साहेबाचा नाहीतर मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचा बंगला असता तर गोष्ट वेगळी, हा साधाच आहे. कौलं उतरवून पत्रे टाकू, भिंतींना सिमेंट करू. माणसं वाईट नाहीत. दर पावसाळ्यानंतरचा खर्च त्यांना झेपत नाही.

जांभ्याच्या भिंती, हातभर जाड. तीन बाजूंनी व्हरांडा. मागे सुटं स्वयंपाकघर आणि तिथून घरापर्यंत छपराखालची वाट, म्हणजे जेवणाची भांडी पावसात भिजू नयेत. टोकाला तबेला आणि गड्यांच्या दोन खोल्या. त्यातल्या एकीत माझा जन्म झाला.

मे महिन्यात कौलं चाळायला वर चढलो, तेव्हा एका कौलावरचं शेवाळ खरवडलं. खाली इंग्रजीत ‘बेसल मिशन टाइल वर्क्स’ आणि १८६५. मॅलेट साहेब डोंगराखालच्या चौक गावाहून पहिल्यांदा वर आले १८५० साली. म्हणजे त्यानंतर अवघ्या १५ वर्षांत हा बंगला उभा राहिला, बरोबर ना? आजोबा सांगायचे, त्यांच्या वडिलांनी नेरळहून ही कौलं डोक्यावर वाहिली, तेव्हा गाडी नव्हती. मी एक कौल तोलून पाहिलं, अडीच किलोच्या आसपास भरलं. अशी दहा-बारा घेऊन तो चढ!

मोठं कुणी राहिलं नसेल तर अशा घराला वारसा म्हणतच नाहीत का?

चुना-जांभा:
आधी एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. १८६५ हे बंगल्याचं साल नव्हे. बेसल मिशन या ख्रिस्ती मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाला ते साल, आणि पुढे कित्येक वर्षं निघालेल्या कौलांवर तोच ठसा आहे. ठशातल्या नावाचा मात्र उपयोग होतो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. तेव्हा तुमची कौलं बहुधा त्याआधीची. नेरळची गाडी १९०७ ला सुरू झाली. आजोबांच्या वडिलांची गोष्ट त्यात चपखल बसते.

पण छपराचं वय ते भिंतींचं वय, असं धरू नका. आधी गवत किंवा नळीची कौलं असू शकतात. वाशांवर बारकाईने बघा. मंगळुरी कौलांच्या रिपा, म्हणजे कौलं टेकवायच्या आडव्या पट्ट्या, फुटाहून जरा जास्त अंतरावर असतात. त्यांच्या मधे आधीच्या रिपांच्या खिळ्यांची जुनी भोकं दाट दिसली, तर हे दुसरं छप्पर आहे आणि घर त्याहून जुनं.

सिमेंट मात्र हात जोडून सांगतो, करू देऊ नका. जांभा पाणी पितो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू बाहेर सोडतो. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते. काही पावसाळ्यांत पोपडे सुटतात, आणि त्यांच्याबरोबर दगडाचाही पापुद्रा निघतो. मग दरवर्षीचा खर्च आजच्यापेक्षा जास्त.

बाजारपेठेतली:
भाऊ, कागद शोधा. माथेरानच्या बऱ्याच प्लॉटची जमीन सरकारी भाडेपट्ट्यावर आहे, वारसांकडे जुना पट्टा असेलच. आणि फक्त अलिबागला, म्हणजे आताच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, चौकशी करून थांबू नका, ठाण्यालाही विचारा. मॅलेट ठाण्याचे कलेक्टर होते आणि माथेरान तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं.

दुसरं म्हणजे फेब्रुवारी २००३ पासून आपला डोंगर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात आहे. नगरपरिषदेत विचारल्याशिवाय छपराला हात लावू नका, हे वारसांना आत्ताच सांगून ठेवा.

आणि मोठं कुणी राहिलं नाही म्हणता, ते मला पटत नाही. मॅलेट साहेब वर आले ते चौकच्या पाटलाला बरोबर घेऊन. वाट दाखवणाऱ्याशिवाय कुणाचा बंगला झाला असता? साहेबांचे बंगले हॉटेलं होऊन का होईना टिकले, पण गड्यांच्या खोल्या आणि तबेले सगळ्यात आधी पाडले जातात. तुमच्याकडे अख्खं आवार शाबूत आहे. आज माथेरानात असं किती ठिकाणी दिसतं?

माळ्याचा नातू:
सगळ्यांचे आभार. आज सकाळी बॅटरी घेऊन माळ्यावर गेलो. भोकं आहेत! प्रत्येक वाशावर, दोन रिपांच्या मधे तीन-तीन, आणि एका भोकात गंजलेला चौकोनी खिळा अजून तसाच. पाच मिनिटं नुसता हात लावून बसलो होतो.

फोटो वारसांना पाठवले. पत्र्याचं काम दिवाळीपर्यंत थांबवतो म्हणाले, पट्टाही शोधणार आहेत. तोवर चुन्याचं काम येणारा गवंडी कर्जत-नेरळ बाजूला कुणाच्या माहितीत असेल तर कळवा. तबेल्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीपासून सुरुवात करावी म्हणतो, पावसाचा सगळा मारा तिच्यावर येतो.