टाचेचं दुर्बिणीचं ऑपरेशन कोणी करून घेतलंय का? (कंडक्टरची ड्युटी आहे)

नमस्कार मंडळी, ह्यांच्यासाठी विचारतेय. हे एसटीत कंडक्टर आहेत, वय ४७, उजवी टाच गेले १४ महिने दुखतेय. सकाळी पलंगावरून उतरले की पहिली आठ-दहा पावलं भिंत धरून टाकतात, मग जरा मोकळं होतं, की दुपारी स्टँडवर चहाला बसून उठले की परत तेच. दिवसभर चालत्या गाडीत उभं राहायचं, त्यात २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट म्हणजे गर्दी आलीच (मी पण त्याच गर्दीतली 😀).

पहिल्या डॉक्टरांनी एक्सरे काढून हाड वाढलंय सांगितलं, त्यावर आम्ही पाच महिने हाड हाड करत बसलो. दुसऱ्या ऑर्थोनी सोनोग्राफी केली तर तळव्याचा पट्टा, तो प्लांटार फॅशिया, साडेपाच मिलिमीटर जाड निघाला, साधारण चारपर्यंत असतो म्हणे. ते म्हणाले हाडाचं सोडा, असं हाड कधीच टाच न दुखलेल्या माणसांच्या एक्सरेतही दिसतं.

बुटात टाचेखाली घालायचे हील कप झाले, बर्फाची बाटली पायाखाली फिरवून झाली, सासूबाईंची तापलेली वीट आणि रुईची पानं झाली (विटेने दोन तास खरंच बरं वाटतं, नाही कशाला म्हणू). स्टेरॉइडची २ इंजेक्शनं झाली, पहिल्याने तीन महिने आराम, दुसऱ्याने जेमतेम तीन आठवडे. तिसरं द्यायला डॉक्टर तयार नाहीत, पट्टा तुटू शकतो आणि टाचेखालची चरबीची गादी झिजते म्हणाले.

आता दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलंय. टाचेच्या दोन्ही बाजूंना छोटी चीर, एकीतून कॅमेरा, दुसरीतून ब्लेड, आणि पट्ट्याचा आतल्या बाजूचा भाग कापून ताण सोडवायचा, संध्याकाळी घरी. ऐकायला सोपंय. हे म्हणतात करून टाकू एकदाचं, मी अडवून धरलंय. चालायला लागणं वेगळं आणि खड्ड्याच्या रस्त्यावर गाडीत एका हाताने दांडी धरून सहा तास उभं राहणं वेगळं, हे डॉक्टरांना कसं समजवायचं? कोणी केलं असेल तर उभ्याच्या कामावर किती दिवसांनी गेलात?

प्रतिसाद १
ताई, माझं झालंय, डावा पाय, आमचं केटरिंग आहे म्हणजे उभंच काम. टाके बाराव्या दिवशी काढले, तीन आठवडे तो मोठा बूट. सकाळची कळ गेली ती गेलीच, पण पुढे दोन महिने पावलाच्या बाहेरच्या कडेला दुखायचं, त्याबद्दल आधी कोणी बोललं नव्हतं. पट्टा सैल झाला की वजन तिकडे जातं म्हणे, म्हणून अर्ध्याच्या वर कापत नाहीत, नाहीतर पायाची कमान बसते. भट्टीपुढे पूर्ण दिवस उभी राहिले ते साडेतीन महिन्यांनी. मिस्टरांना रजा किती शिल्लक आहे ते आधी बघा.

प्रतिसाद २
मी फिजिओ आहे. तुमच्या यादीत स्ट्रेचिंग कुठेच नाही! पोटरी आखडलेली असेल तर टाचेवर ताण येतच राहतो. दहातल्या साधारण नऊ जणांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं, फक्त वेळ खातं. शॉकवेव्ह (मशीनने बाहेरून टाचेवर लहरींचे ठोके देतात ती) केलीत का? अजून एक, टाचेच्या आतल्या बाजूला जळजळ किंवा मुंग्या, बसल्यावरही दुखणं, असं काही? तिथे एक बारीक नस दबते, तसं असेल तर नुसता पट्टा कापून भागत नाही. आणि सकाळी कंबर पण आखडत असेल तर संधिवाताचं बघून घ्या.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार. स्ट्रेचिंगचा कागद मिळाला होता हो, तो फ्रिजवर चिकटवलाय, करायचं कोणी! मुंग्यांचं विचारलं तर म्हणे गर्दीत कुठे लक्ष असतं, मग काल रात्री टाच दाबून बघितली तर आतल्या बाजूला बोट लावू देईनात. कंबर ठीक आहे. शॉकवेव्ह केलेली नाही, डॉक्टर बोललेच नव्हते. गुरुवारी ह्यांचा वीकली ऑफ आहे, तेव्हा नसेचं आणि शॉकवेव्हचं दोन्ही विचारून येतो, ऑपरेशनची तारीख तोवर घेत नाही. रजा ४१ दिवस आहे, साडेतीन महिने ऐकून हे जरा गप्प झालेत. आज सकाळी जिन्याच्या पायरीवर टाच लोंबकळत सोडून उभे होते, मी मोबाईलवर तीस सेकंद लावून दिले तर विसाव्यालाच उतरले.