सीपीके १३४० आलंय, कारण कोणी सांगत नाही. मदत हवी आहे

रावेरकर_केळी
नानांचं (वडील) सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते एन्झाइम) १३४० आलं आहे. मांड्या भरून येतात, खाटेवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो. आधी एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीत बघतात ती एन्झाइम्स) वाढलेलं निघालं म्हणून हिवाळाभर लिव्हरची औषधं झाली. नाना माळकरी, दारूचा थेंब नाही, सोनोग्राफी चांगली, तरी लिव्हरच. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सीपीके केलं. ईसीजी, टूडी इको, ट्रोपोनिन सगळं नॉर्मल, म्हणजे हार्टचं नाही म्हणे. मग कशाचं आहे? पुण्याला न्यूरोकडे न्यायचं का? लवकर सांगा. आणि कृपा करून घरगुती उपाय नकोत.

धुळेकर_जुना
वय? लॅबची नॉर्मल रेंज? गोळ्या कोणत्या चालू? यातलं काहीच लिहिलं नाही भाऊ, सांगणार काय?

चोपड्याची_सून
अंगात ताकद नाही म्हणून होतं हे. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ आणि शेवग्याचा पाला महिनाभर द्या. माझ्या सासूबाई आता जिना चढतात.

रावेरकर_केळी
ताई, वर काय लिहिलंय ते वाचा की.
वय ६१. रेंज ३९ ते ३०८. गोळी फक्त बीपीची.

मैदान_गाजवणारा
१३४० म्हणजे काहीच नाही. पोलीस भरतीच्या तयारीत एकदम उठाबशा वाढवल्या तेव्हा माझं ६००० च्या वर गेलं होतं. सलाईन लावली, लघवी काळपट लाल झाली होती. तुमच्या वडिलांना लघवीचा रंग विचारा. तसा असेल तर धागा बंद करा आणि दवाखाना गाठा, किडनीवर जातं ते.

रावेरकर_केळी
लघवी साफ आहे. उठाबशा कोण काढणार ६१ व्या वर्षी.

लॅबमधला_माणूस
उठाबशा नसतील, पण काम काय करतात? रक्त दिलं त्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत जड काम? आणि कमरेत इंजेक्शन घेतलं होतं का? स्नायूत सुई टोचली तरी सीपीके वाढतं. लोक सकाळी इंजेक्शन घेतात, दुपारी माझ्याकडे रक्त देतात.
एसजीओटी-एसजीपीटी लिव्हरसारखंच स्नायूतूनही रक्तात येतं, एसजीओटी तर जास्तच. अशा वेळी जीजीटी करतात, ते लिव्हरचं एन्झाइम, स्नायूतून येत नाही. ते नॉर्मल असेल तर बोट लिव्हरकडून स्नायूकडे वळतं. तुमचं जीजीटी झालंय का?

रावेरकर_केळी
जीजीटी नाही झालं. काम म्हणजे शेतीच, दुसरं काय. केळीची कापणी चालू होती, मजूर मिळेना म्हणून नाना स्वतः घड वाहत होते. इंजेक्शन गावातले डॉक्टर देतात कंबर दुखली की. ते तर सगळ्यांनाच देतात.

लॅबमधला_माणूस
मग ते १३४० मी तरी नुसत्या आकड्यावर धरणार नाही. आठवडाभर घड नाही, इंजेक्शन नाही, तेल लावून जोरजोरात रगडणंही नाही. मग परत सीपीके, सोबत जीजीटी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), क्रिएटिनिन, पोटॅशियम. आणि त्या "फक्त बीपीच्या" गोळीचं नाव सांगा. डबीत जेवढी पाकिटं असतील तेवढ्यांची.

अमळनेरना_भाऊ
भाऊ, मना बापले बी असंच व्हयनं व्हतं. रातनी गोळी बंद करी, आते बठ्ठं बरं शे.

धुळेकर_जुना
कोणती गोळी, भाऊ?

अमळनेरना_भाऊ
धाकली. गुलाबी.

पॉलिसी_मार्गदर्शक
आधीपासूनचा आजार म्हणून क्लेम नाकारतात, तेव्हा फाईलमध्ये "स्नायूविकार" असं लिहू देऊ नका. कॅशलेससाठी काय करायचं ते सविस्तर लिहू का?

रावेरकर_केळी
नको.
डबी उघडली. टेल्मिसार्टन ४०, आणि एक रोसुवास्टॅटिन २०. ती दिवाळीनंतर सुरू केली, कोलेस्टेरॉल २९० होतं म्हणून. दोन्ही एकाच वेळी घेतात त्यामुळे घरात सगळे "बीपीच्या गोळ्या"च म्हणतात.

निसर्गोपचार_प्रेमी
झालं! मिळालं उत्तर. स्टॅटिन म्हणजे कंपन्यांचा धंदा. आज रात्रीपासून बंद करा, ताक-जिरं द्या. बाकी तपासण्या म्हणजे लॅबवाल्यांचं कमिशन.

लॅबमधला_माणूस
माझं कमिशन मिळालं की पेढे पाठवतो तुम्हाला. ज्याला स्टेंट आहे त्याने तुमचं ऐकून गोळी सोडली तर? रावेरकर, नानांना स्टेंट, अॅटॅक, शुगर काही?

रावेरकर_केळी
काही नाही.

धुळेकर_जुना
मी डॉक्टर नाही, पण बायकोच्या बाबतीत यातून गेलोय. स्नायू दुखत असतील आणि सीपीके वरच्या मर्यादेच्या चार पटींच्या पुढे असेल, तर डॉक्टर बहुधा स्टॅटिन काही आठवडे थांबवून परत तपासतात. तुमचं १३४० म्हणजे चार पटींच्या थोडं वरच. आज त्यांना फोन करून विचारा, तुमचं तुम्ही ठरवू नका.
पण माझा प्रश्न वेगळा आहे. ६१ वर्षं शेतात राबलेल्या, साधं जेवणाऱ्या माणसाचं कोलेस्टेरॉल २९० झालं कशाने? ते वाढलं तेव्हा थायरॉइड कोणी पाहिलं का? थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉलही वाढतं आणि सीपीकेही. वरून स्टॅटिन दिलं की स्नायूंना जास्तच त्रास. बायकोला असंच झालं होतं, आधी कोलेस्टेरॉलची गोळी, मग पाय दुखतात म्हणून कॅल्शियम, आणि टीएसएच सगळ्यात शेवटी. आवाज घोगरा, चेहरा सुजल्यासारखा, पोट साफ न होणं, थंडी वाजणं, यातलं काही आहे का?

मैदान_गाजवणारा
थायरॉइड बायकांचा आजार आहे.

सौ_यावल
बायकांना जास्त होतो म्हणजे पुरुषांना होत नाही असं कुठे लिहिलंय?

रावेरकर_केळी
थंडीचं म्हणाल तर नाना सध्या पहाटे गोधडी घेतात. इथे ४४-४५ अंश चालू आहे, आम्ही गच्चीवर ओल्या चादरीत झोपतो. आम्ही म्हटलं वय झालं. आणि आखाजीला बहीण माहेरी आली तेव्हा म्हणाली, "नानांचा आवाज असा काय झाला? फोनवर वाटलं दुसरंच कोणी बोलतंय." रोज ऐकणाऱ्याला कळत नाही. टीएसएच कधीच झालेलं नाही.

खान्देशी_खवय्या
रावेरला आहात तर बामणोदची वांगी मिळतात का हो या दिवसांत? भरताची चव आमच्या पुण्यात नाही.

सौ_यावल
उन्हाळ्यात कुठली आलीत भरताची वांगी. थंडीत या.

रावेरकर_केळी
रिपोर्ट आले. टीएसएच ६८ म्हणजे खूपच जास्त, टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) खूप खाली. जीजीटी नॉर्मल. क्रिएटिनिन, पोटॅशियम ठीक. घड वाहणं, इंजेक्शन आणि स्टॅटिन (डॉक्टरांना विचारून) बंद केल्यावर सीपीके ७९० झालं. थायरॉक्सिन २५ ने सुरुवात केली आहे. वयामुळे हळूहळू वाढवणार, हृदयावर एकदम ताण नको म्हणाले. कोलेस्टेरॉलचं थायरॉइड जागेवर आल्यावर बघू, कदाचित गोळी लागणारही नाही.

निसर्गोपचार_प्रेमी
बघा, स्टॅटिन बंद केल्यावरच उतरलं ना?

मैदान_गाजवणारा
घड वाहणं बंद केल्यावर उतरलं.

धुळेकर_जुना
तिन्ही एकदम बंद केलं, आता भांडून काय कळणार? थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी द्या, चहाही अर्ध्या तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर ठेवा. सीपीके उतरायला काही आठवडे, कधी महिने लागतात. दर चार दिवसांनी तपासू नका.

लॅबमधला_माणूस
टीएसएच जागेवर आलं आणि सीपीके तिथेच राहिलं, किंवा खाटेवरून उठणं आणखी अवघड झालं, तर न्यूरोकडे न्याच. तेव्हा मायोसायटिसच्या (स्नायूंना सूज येण्याचा आजार) अँटीबॉडीज बघतात. स्टॅटिन घेतलेल्यांत एचएमजीसीआर अँटीबॉडी मुद्दाम बघतात, कारण क्वचित गोळी बंद केल्यावरही आजार चालूच राहतो. ईएमजी (सुया टोचून स्नायूंची तपासणी) सांगितलं तर रक्त आधी द्या, ईएमजीच्या सुयांनीही आकडा वाढतो. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर वाट बघू नका.

रावेरकर_केळी
धन्यवाद सगळ्यांना. पुण्याची तिकिटं रद्द केली. नाना विचारतात, घड कधी उचलू?

सौ_यावल
मुलाने उचलावेत.

नंदुरबार_मामा
इथेच विचारतो. भाचा साडेचार वर्षांचा. एसजीपीटी वाढलेलं म्हणून काविळीचं औषध चालू आहे, पण डोळे पिवळे नाहीत. पळताना पडतो, पोटऱ्या जाड आहेत, खाली बसला की स्वतःच्या गुडघ्यांवर हात टेकत टेकत उठतो. त्याचंही सीपीके करावं का?

लॅबमधला_माणूस
हो, उद्याच करा. आणि आकडा काहीही येवो, मुलांच्या न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा, उठतानाचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन जा. घरात आजोळकडच्या बाजूला कुणा मुलाला असं काही होतं का तेही विचारून ठेवा, ते पहिल्यांदा तेच विचारतील. यासाठी वेगळा धागा काढा मामा, इथे वांग्यांच्या खाली राहून जाईल.