मदत हवी आहे: कार्पल टनेल असताना तीन तासांचा पेपर कसा लिहावा?

दहावीतली मुलगी, उजव्या हाताला कार्पल टनेल सिंड्रोम (मनगटात नस दाबली जाते). अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर, करंगळी ठीक. वीसेक मिनिटं लिहिलं की पेन निसटतं, वेणी घालताना पेड सुटतात. या वयात हे दुर्मीळ, म्हणून थायरॉइड आणि साखर तपासून झाली आहे.

रात्रीच्या स्प्लिंटने (मनगट सरळ धरणारा आधार) झोप लागते. खरी अडचण दिवसाची: तयार स्प्लिंटची पट्टी तळहाताच्या आडव्या रेषेपुढे जाते, बोटं नीट मिटत नाहीत, मग पेन जास्त आवळलं जातं आणि नसेवरचा दाब वाढतो.

रेषेच्या अलीकडेच संपणारा थर्मोप्लास्टिक (गरम करून हाताच्या मापाने आकार देता येणारं प्लास्टिक) स्प्लिंट लिहिताना कुणी वापरलाय का? किती जाडीचा? जाड पेन, उतरती पाटी यांनी फरक पडतो का? लेखनिक तिला अजिबात नकोय.