अनुभव लिहा : ‘लेफ्ट फोर डेड’ या झोंबी मारायच्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग येणार म्हटल्यावर तुमचं काय झालं होतं?

परवा रंकाळ्यावर भेळ खाताना विषय निघाला. पहिला भाग आला नोव्हेंबर २००८ मध्ये. जून २००९ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीनं जाहीर केलं की दुसरा याच नोव्हेंबरात. पहिल्याचे नव्याचे नऊ दिवस सरले नव्हते! परदेशात हजारोंनी बहिष्काराचा गट काढला. कोल्हापुरात कोण बहिष्कार घालतंय, पण सायबर कॅफेत भांडणं झाली.

माझंच सांगतो. राग नव्हता, धास्ती होती. पहिल्यातली चार पात्रं, बिल, फ्रान्सिस, लुईस, झोई, आमच्यात वाटून घेतलेली. मी कायम लुईस. मित्र रस्त्यात भेटला तरी ‘काय लुईस’ म्हणायचा. आणि हे नवीन चार टिकोजीराव कोण? पुढच्या वर्षी दुसऱ्याला जोडून आलेल्या ‘द पासिंग’मध्ये बिल मेलेला दिसला, तेव्हा आमचा बिल खुर्ची सरकवून चहाला निघून गेला. बिल मात्र मलाच भरावं लागलं.

मंगळवार पेठ

भावा, बहिष्कार कसला घेऊन बसलास! पहिल्यात झोंबी अंगावर आला की नुसतं ढकलायचं. दुसऱ्यात कुऱ्हाड, गिटार, बॅट हाय म्हटल्यावर आपला विषयच संपला. बेसबॉलची बॅट सुरुवातीला आगाऊ पैसे भरणाऱ्यांनाच होती, आमच्या वाट्याला आला स्वयंपाकघरातला तवा. पण डोक्यात बसला की ‘टण्ण’! शेजारच्या मशिनवर पोरगं परीक्षेचा फॉर्म भरत होतं, ते पण वळून बघायचं.

राजारामपुरी

मला ट्रेलरच आवडला नव्हता. भर उन्हात झोंबी! पहिला भाग म्हणजे रात्र. दादा आणि मी खोलीतला दिवा मालवून खेळायचो. विच, म्हणजे डिवचली की अंगावर येणारी बाईझोंबी, रडताना ऐकू आली की टॉर्च बंद, गोळीबार बंद. एकदा आई पिठाच्या हातानं धावत आली, ‘कोण रडतंय गं?’ म्हणून. खेळ थांबवता येईना आणि तिला सांगता येईना.

दुसऱ्यात दिवसा विच फिरते. बसलेली असली तर वाट वाकडी करून जाता येतं. फिरणारीला काय करणार? उन्हाबद्दलचं माझं म्हणणं मी तिथंच मागं घेतलं.

शिरोळ तालुका

दुसऱ्यात शहर कमी, दलदल आणि शेतं जास्त, असं वाचलं होतं. शेतात कसली आलीय भीती, असं मी छातीठोक सांगायचो. मग ‘हार्ड रेन’ हा टप्पा लागला. बोटीसाठी तेल आणायला जायचं, वाटेत साखर कारखाना, पुढं ऊस. डोक्याच्या वर गेलेला. उसात शिरलं की हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. तरी कुठूनतरी जॉकी, म्हणजे पाठीवर बसणारा झोंबी, खिदळला आणि माझ्या हातातला माऊसच सुटला.

आणि तेल घेऊन त्याच वाटेनं परत यायचं. तोवर पाणी चढलेलं, पाऊस असा की समोरचं दिसत नाही, सोबत्यांचं बोलणंही नीट ऐकू येत नाही. बनवणाऱ्यांनी आमच्याकडचा ऑगस्ट पाहिला होता की काय, असं वाटायचं. तेव्हा ते कौतुकानं म्हणायचो. २०१९ च्या महापुरात रात्री घर सोडलं, कमरेएवढ्या पाण्यातून, म्हशींची दावी कापून. त्यानंतर तो टप्पा पुन्हा लावलेला नाही. बाकीचे खेळतो.

कळंबा

मला काहीच वाटलं नव्हतं. माझा पीसी पहिलाच भाग ओढत नव्हता.

शाहूपुरी, सध्या पुणे

तिसऱ्याची वाट बघून दाढी पिकायला लागली. पहिला भाग घडवणाऱ्या टर्टल रॉकनं २०२१ मध्ये ‘बॅक फोर ब्लड’ काढला तेव्हा वाटलं, आला! तर त्यात आधी पत्त्यांचा डाव रचायचा. झोंबी मारायचे की रमी खेळायची? त्यापेक्षा लॉकडाऊनच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, चाहत्यांनीच दुसऱ्यासाठी केलेलं ‘द लास्ट स्टँड’ अपडेट बरं. फुकट आलं, तेही व्हॉल्व्हच्या संमतीनं.

खरं सांगू का, तिसरा येऊच नये असंही वाटतं. आला की घ्यावा लागणार, मग नवं ग्राफिक्स कार्ड, आणि बायकोला काय सांगायचं?

मंगळवार पेठ

तिला तवा दाखव.

राजारामपुरी

दुसराच लावूया. शनिवारी रात्री दहाला दादा, मी आणि लुईस आहोत. चौथं कोण? बॉट, म्हणजे संगणकानं चालवलेला गडी, घ्या म्हणू नका, तो मोलोटोव्ह (पेट्रोल बॉम्ब) टाकत नाही.