ऑस्ट्रेलियातले वणवे: हवामानबदल की साचलेला पाचोळा?

डोंगळा
रान पेटलं की 'हवामानबदल' म्हणायचं आणि हात झटकायचे. ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या 'ब्लॅक समर'बद्दल, म्हणजे त्या उन्हाळ्यातल्या वणव्यांबद्दल, अजूनही हेच चालू आहे. सुमारे २.४ कोटी हेक्टर जळालं, ३३ माणसं गेली, तीन हजारांवर घरं राख झाली. भयंकरच. पण त्याच देशात १९७४-७५ मध्ये सुमारे ११.७ कोटी हेक्टर जळालं होतं, म्हणजे जवळजवळ पाचपट! ६ फेब्रुवारी १८५१ ला तिथल्या व्हिक्टोरिया राज्याचा पाव भाग होरपळला, तेव्हा कुठला कार्बन होता? १९३९ मध्ये ७१ माणसं मेली, तेव्हा चौकशी करणाऱ्या न्यायाधीश स्ट्रेटननी या आगी माणसाच्या हातच्या आहेत असं स्वच्छ लिहून ठेवलं. २००९ च्या व्हिक्टोरियातल्या 'ब्लॅक सॅटर्डे' वणव्यांत १७३ बळी गेले. त्यानंतरच्या आयोगाने सांगितलं की दरवर्षी किमान ५ टक्के सरकारी जमिनीवर ठरवून जाळ करा, म्हणजे साचलेला पाचोळा वणव्याआधीच जाळून टाका. व्हिक्टोरियाने काही वर्षांत ते उद्दिष्टच गुंडाळलं. तिथले आदिवासी हजारो वर्षं हलक्या आगी लावून रान मोकळं ठेवायचे. ते बंद पाडलं, पाचोळा साचू दिला, बंगले जंगलाच्या कुशीत बांधले आणि आता दोष आभाळाला. बोला.

निलगिरी
सिडनीत राहते, त्या डिसेंबरात आठवडेच्या आठवडे धूर खाल्लाय, त्यामुळे बोलतेच. १९७४-७५ चा आकडा खरा आहे, पण जळालं काय होतं? ला निनाच्या (प्रशांत महासागराचं पाणी थंडावतं तो काळ) धो-धो पावसानंतर देशाच्या मधल्या ओसाड पट्ट्यात उदंड गवत माजलं, वाळलं आणि पेटलं. माणसांची वस्ती तिथे जवळजवळ नाहीच. २०१९ ला पेटली ती पूर्व किनाऱ्यालगतची निलगिरीची जंगलं, आणि त्यांच्यासोबत गोंडवाना वर्षावनांचे भाग, जे एरवी ओलाव्यामुळे पेटतच नाहीत. क्वीन्सलंडमधलं बिना बुराचं जुनं लॉज सप्टेंबरच्या सुरुवातीला जळालं. सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे हिवाळा नुकता संपलेला असतो हो! गवताचे हेक्टर आणि जंगलाचे हेक्टर एकाच तागडीत घालू नका.

फुरसुंगीकर
आणि ते १८३ आग लावणारे पकडले, त्याचं काय? त्या वेळी व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरत होतं.

निलगिरी
फिरत होतं, पण अर्धवट. न्यू साउथ वेल्स पोलिसांनी १८३ जणांवर कारवाई केली हे खरं. त्यातल्या मुद्दाम आग लावल्याचा आरोप असलेल्यांची संख्या २४. बाकीच्यांत आगबंदी असताना चूल-शेगडी पेटवणारे, पेटती सिगारेट फेकणारे असे लोक होते, आणि काहींना नुसती समज देऊन सोडलं. पाच लाखांवर हेक्टर खाणारी गॉस्पर्स माउंटनची आग विजेमुळे लागली. विजेला बेड्या कशा घालणार?

सह्यभटक्या
आपल्याकडे सह्याद्रीतले वणवे मात्र बहुतेक माणसानेच लावलेले असतात. गवत चांगलं यावं म्हणून, नाहीतर विडी टाकून. वनखात्याच्या जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून साफ केलेले पट्टे) वेळेत काढल्या तर निम्मी भांडणं मिटतील.

डोंगळा
सह्यभटक्या, बरोबर, पण धागा भरकटवू नका. ठिणगीचा मुद्दा तूर्त सोडतो. पण ते वर्ष कोरडं का गेलं? हिंदी महासागरातल्या डायपोलमुळे, म्हणजे त्याच्या पूर्व-पश्चिम भागांतल्या पाण्याच्या तापमानाच्या फरकामुळे. ते नैसर्गिक चक्र आहे. त्याच डायपोलने २०१९ ला आपला मान्सून ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला.

कृष्णाकाठ
डायपोलचा हात होताच, कुणी नाकारत नाही. अंटार्क्टिकाभोवतीचे वारेही उत्तरेला सरकले होते, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर कोरडा पश्चिम वारा सुटला. पण अशी चक्रं आधीही येऊन गेलीत. या वेळी ती आधीच तापलेल्या देशावर आली. २०१९ हे तिथलं नोंदीतलं सर्वांत कोरडं आणि सर्वांत उष्ण वर्ष, १९६१-९० च्या सरासरीपेक्षा १.५२ अंशांनी जास्त. १८ डिसेंबरला अख्ख्या देशाच्या कमाल तापमानाची सरासरी ४१.९ अंश होती. एका शहराची नव्हे, खंडाची!
आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या गटाने हिशेब केला, तेव्हा आगीला इतकं पोषक हवामान येण्याची शक्यता माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे किमान ३० टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. त्याच अभ्यासात दुष्काळाचं खापर मात्र हवामानबदलावर फोडता आलं नाही, आणि त्यांनी ते लिहिलंही. म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसतो.

डोंगळा
म्हणजे फक्त ३० टक्के! त्यासाठी एवढा आरडाओरडा?

कृष्णाकाठ
'किमान' गाळलंत. मॉडेलं उष्णतेची वाढ प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात, म्हणून त्यांनी खालची मर्यादा दिली.
दुसरं, अर्थतज्ज्ञ रॉस गार्नो यांचा सरकारी अहवाल २००८ चा. वणव्यांचा मोसम लवकर सुरू होईल, उशिरा संपेल, आगी जास्त तीव्र होतील आणि हे २०२० पर्यंत डोळ्यांना दिसेल, असं त्यात होतं. घटना घडून गेल्यावर रचलेली गोष्ट नव्हे ही.

फुरसुंगीकर
ऑस्ट्रेलियाचा जगाच्या उत्सर्जनातला वाटा एक टक्क्याच्या आसपास. उद्या त्यांनी सगळ्या कोळशाच्या खाणी बंद केल्या तरी वणवे थांबणार आहेत का?

कृष्णाकाठ
लगेच नाही. पण कारण कोणतं हा एक प्रश्न, ते एकट्याने दूर करता येतं का हा दुसरा. (आणि निर्यात होणारा कोळसा त्या एका टक्क्यात धरलेला नसतो, हे जाता जाता.)

डोंगळा
मग जे हातात आहे ते करा ना! पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात दशकानुदशकं ठरवून जाळ करतात, वर्षाला सुमारे दोन लाख हेक्टरचं लक्ष्य असतं, आणि मोठे वणवे कमी झाल्याच्या नोंदी आहेत. व्हिक्टोरियाचं पाच टक्क्यांचं उद्दिष्ट कुणी बुडवलं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

निलगिरी
सांगते. आकडा गाठायचा म्हणून खात्याने वस्तीपासून लांब, मॅलीच्या झुडपी माळावर मोठाले पट्टे जाळले. हेक्टर भरले, पण मेलबर्नच्या डोंगराळ कडेची गावं होती तितकीच धोक्यात. अंमलबजावणीवर नेमलेल्या देखरेख अधिकाऱ्यानेच त्यावर बोट ठेवलं. म्हणून २०१५ ला हेक्टर मोजणं सोडून किती धोका कमी झाला ते मोजायचं ठरलं. ते नीट राबवलं का, यावर भांडा, मी तुमच्या बाजूने येईन.
पण जाळ करायलाही दिवस लागतात. जमीन फार ओली नको, वारा जोराचा नको, ऊन जास्त नको. न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन दलाचे तेव्हाचे प्रमुख शेन फिट्झसिमन्स हेच सांगत होते की या कामात सर्वांत मोठा अडथळा हवामानाचाच. वणव्याचा मोसम दोन्ही टोकांना लांबतोय, तसे हे दिवस कमी होताहेत. आणि 'कॅटास्ट्रॉफिक' म्हणजे आगीच्या सर्वांत वरच्या इशाऱ्याच्या दिवशी आग शेंड्यांवरून धावते, निखारे पार पुढे जाऊन पडतात. खालचा पाचोळा काढलेला असला तरी त्या दिवशी फारसा उपयोग होत नाही.
गावांभोवतीचा पट्टा दर दोन-चार वर्षांनी जाळा म्हणत असाल, तर अर्जावर पहिली सही माझी. तेवढ्याने २०१९ टळलं असतं, हे मात्र पटत नाही.

डोंगळा
अर्जाचा मसुदा मी करतो. सहीचं विसरू नका.