टीम घराजवळची बघायची की जिंकणारी? (आणि टेबलाखाली चार किलो कोर्जेट पडलीयेत)

प्लॉटवाली_लेस्टर
दोन प्रॉब्लेम आहेत, एकातच टाकते, कारण दोन्ही बरोब्बर शनिवारी दुपारी तीनला डोकं वर काढतात.

पहिला: मुलगा दहा वर्षांचा. नवीन शाळेत पोरं विचारतात तुझी फुटबॉलची टीम कुठली, तर ह्याने घरी येऊन जाहीर केलं, मँचेस्टर सिटी. का? तर जिंकतात म्हणून. आम्ही राहतो लेस्टरला, लेस्टर सिटीचं किंग पॉवर स्टेडियम चालत पंचवीस मिनिटांवर, वारा इकडचा असला तर गोल झाल्याचा आवाज किचनमध्ये येतो (सध्या फारसा येत नाही, ते सोडा). माझं म्हणणं एवढंच की जिथे स्वतःच्या पायांनी जाता येतं ती टीम बघावी, हरली तरी. नवरा म्हणतो बघू दे की त्याला हवी ती, आपण काय सोयरीक जुळवतोय का.

त्यात इथे शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल बंद असतं. १९६० च्या दशकापासूनचं आहे हे, लोक घरी बसून मोठ्या टीम बघायला लागले तर छोट्या क्लबांच्या मैदानावर कोण फिरकणार, म्हणून. म्हणजे तीनची मॅच आम्हाला इथे दिसत नाही आणि ठाण्यातला माझा भाचा तीच मॅच संध्याकाळी साडेसातला मोबाइलवर बघून आम्हाला स्कोअर कळवतो!

तर तीन वाजता पोरगा फोनवर स्कोअर रिफ्रेश करत बसतो आणि मी अलॉटमेंटवर, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळतो त्या जमिनीच्या तुकड्यावर. हा दुसरा प्रॉब्लेम. कौन्सिलचा अर्धा प्लॉट मिळाला, हौसेने मे महिन्यात कोर्जेटची (काकडीसारखी दिसणारी भाजी) पाच रोपं लावली. पाच! घरात माणसं तीन. दोन दिवस गेलं नाही तर बोटाएवढं असलेलं मनगटाएवढं होतं, चार दिवस नाही गेलं तर मुसळ. पीठ पेरून भाजी झाली, थालीपीठं झाली, भजी झाली, डाळीत घालून झालं, पोरगा आता डब्याचं झाकण उघडायच्या आधीच तोंड वाकडं करतो. दोन्हींवर काहीतरी सांगा.

पेठेतला_पक्या
चालत जाता येईल ती टीम बघावी म्हणे. आम्ही पुणेकरांनी बघितली की. २०११ ला पुणे वॉरियर्स आले, २०१३ ला गाशा गुंडाळला. मग सुपरजायंट, मुळातच दोन सीझनचा पाहुणा, तरी जीव लावला, २०१७ ची फायनल एका रनने हरलो, तीही मुंबईकडून, आणि त्यानंतर टीमच नाही. टीशर्ट आहे अजून, स्कूटर पुसायला. आणि चालत म्हणाल तर गहुंजेला चालत जायचं म्हणजे वारीच काढावी लागेल. लोकल टीमवर प्रेम करू नका, ती भाडेकरू असते.

कोर्जेटचं म्हणाल तर ते मुळात दुधीच आहे, इंग्रजी शाळेत गेलेला. दुध्याचं जे जे करता ते करा.

प्लॉटवाली_लेस्टर
पक्या, तुमची फ्रँचायझी होती, लिलावात घेतलेली. इथला क्लब १८८४ चा आहे, भाडेकरू कसला, वाड्याचा मालक आहे तो. आणि दुधीच आहे हे अजिबात मान्य नाही. दुधी शिजून पण दुधी राहतो, हे कढईत पाच मिनिटं जास्त राहिलं की लगदा.

कल्याण_स्लो
ताई भावना बाजूला ठेवा जरा. तुमच्या ह्या वाड्याच्या मालकाने २०२४-२५ मध्ये घरच्या मैदानावर ओळीने नऊ लीग मॅच हरल्या, आणि नऊंमध्ये मिळून गोल किती तर शून्य. तुम्ही दहा वर्षांच्या मुलाला हात धरून तिथे नेणार आणि सांगणार बघ बाळा ही आपली टीम? त्याने सोमवारी शाळेत काय तोंड दाखवायचं? आम्ही मुंबई इंडियन्स बघतो ते वानखेडे जवळ आहे म्हणून नाही हो, कल्याणहून जायला दीड तास लोकलमध्ये लटकावं लागतं, आणि तिकीट कुणाला मिळतं? बघतो कारण बघायला मजा येते. आठवडाभर साहेबाच्या शिव्या खायच्या आणि रविवारी पण स्वतःहून दुःख विकत घ्यायचं, हा कुठला हिशोब?

जामठा_रोड
कल्याणवाल्या भाऊ, मजा येते म्हणून बघणाऱ्याले खरी मजा कधी येतच नाही ना बाप्पा. विदर्भाची रणजी टीम आम्ही तेव्हापासून बघतो जेव्हा स्टेडियममध्ये आमच्यापेक्षा कबूतरं जास्त राहायची. मुंबईवाले विचारायचे, विदर्भाची टीम पण असते का. मग २०१७-१८ ले जिंकलो, पुढच्या वर्षी परत, आणि २०२४-२५ ले केरळविरुद्ध फायनल इथेच नागपूरच्या जामठ्याले. पाच दिवसांची मॅच, ड्रॉ झाली, पहिल्या डावाच्या लीडवर आपला चषक. ड्रॉ मॅचमध्ये नाचणारे लोक पाहिलेत कधी? मी सुट्टी टाकून गेलो होतो, उन्हात टाळू भाजून निघाली, डब्यात पोळी आणि झुणका. त्या झुणक्याची चव जिंकणारी टीम निवडणाऱ्याले नाही कळायची.

कोर्जेटचाही झुणकाच करा. किसून, बेसन कोरडंच भुरभुरून, वरून पाण्याचा थेंब नाही, त्याचंच पाणी पुरते.

मँचेस्टर_मावशी
मी मँचेस्टरला राहते, माझ्या घरापासून सिटीचं मैदान ट्रामने चार स्टॉप. मग माझ्या मुलाने काय करायचं, जवळचीच टीम जिंकते म्हणून लाज बाळगायची? सगळे सिटीवाल्यांना पैशावाले म्हणून हिणवतात. अहो हीच टीम १९९८-९९ ला तिसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये होती. वेम्बलीला जिलिंगहॅमशी प्लेऑफ फायनल, ०-२ ने मागे, शेवटच्या मिनिटांत दोन गोल मारून मग पेनल्टीवर वर आले. आमच्या गल्लीतले एक आजोबा त्या दिवशी मॅच संपायच्या आधीच उठून निघाले होते, स्टेशनवर कळलं. आजही कुणी नव्वदाव्या मिनिटाला उठायला लागलं की ते त्याचा हात धरून खाली बसवतात.

तुमच्या मुलाला हे माहीत असेल आणि तरी सिटी हवी असेल तर घेऊ दे. नुसतं ट्रॉफ्या मोजून निवडत असेल तर मी तुमच्या बाजूने.

पेठेतला_पक्या
दहा वर्षांच्या मुलाची तोंडी परीक्षा घेणार आहात का? आम्ही सचिन आवडायला लागला तेव्हा त्याच्या शारदाश्रम शाळेचा इतिहास वाचला नव्हता.

न्यूजर्सीची_आजी
आमच्याकडे ह्याला झुकिनी म्हणतात आणि इथे इतकी होते की ८ ऑगस्टला चक्क शेजाऱ्याच्या दारात गुपचूप झुकिनी ठेवून पळायचा दिवस आहे, थट्टा नाही करत, खरंच आहे. मी यंदा ठेवून आले तर सकाळी माझ्याच दारात चार जास्तीच्या!

टीमबद्दल तुमच्या मिस्टरांशी सहमत. माझा मुलगा इथे पाचवीत आला तेव्हा मी म्हणायचे आपलं क्रिकेट बघ, बाकीचं कशाला. त्याला वर्गात बोलायला विषयच नसायचा. मग तो शेजारच्या मुलाची बेसबॉल टीम बघायला लागला, आणि त्या टीमचं मैदान कुठे आहे हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. पण जेवायच्या सुट्टीत एकटा बसायचा तो चौघांत बसायला लागला. आईला टीम दिसते, पोराला टेबल दिसतं. तुम्ही रागावू नका हं.

झुकिनीचा हलवा करा, दुधी हलव्यासारखा, खव्यात.

प्लॉटवाली_लेस्टर
आजी रागावले नाही, पण हे वाचून जरा वेळ काही सुचलं नाही. पण त्याच्या वर्गात अर्धी पोरं लेस्टरचीच आहेत हो, तेच तर म्हणतेय, त्यांच्यात बसेल की.

आणि कल्याणवाल्यांना, नऊ मॅचचं खरं आहे, एका मॅचला मी स्वतः होते, हाफ टाइमला चहा घेताना मागचे गृहस्थ शांतपणे म्हणाले निदान चहा गरम आहे. पण हाच क्लब एप्रिल २०१५ मध्ये टेबलात तळाला होता, शेवटच्या नऊपैकी सात जिंकून वाचला आणि पुढच्या वर्षी प्रीमियर लीग जिंकला. सट्टेवाल्यांनी एकाला पाच हजार भाव दिला होता. गावातले लोक म्हणतात इथल्या कार पार्कखाली सांगाडा सापडलेल्या इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाला मार्च २०१५ मध्ये नीट पुरलं, तेव्हापासून दिवस फिरले. आपल्याकडे पत्रिका दाखवतात, इथे राजा पुरतात.

आणि तो माजी फुटबॉलपटू गॅरी लिनेकर, टीम जिंकली तर टीव्हीवर चड्डीत येईन म्हणाला होता आणि आलाही, तो इथलाच. त्याच्या घरच्यांचा लेस्टर मार्केटमध्ये भाजी-फळांचा स्टॉल होता. मला तर कोर्जेट घेऊन त्याच मार्केटात उभं राहावंसं वाटतंय.

कल्याण_स्लो
एकदा लॉटरी लागली म्हणून रोज तिकीट काढायचं का? आणि क्रिकेटच का नाही बघत, रहाणे नव्हता का खेळला लेस्टरशरकडून?

प्लॉटवाली_लेस्टर
खेळला ना, २०२४ ला, डोंबिवलीचा माणूस ग्रेस रोडवर! मी गेले होते. आणि काउंटी २०२५ मध्ये डिव्हिजन टू जिंकून वर गेली, २००३ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन वन. यूट्यूबवर फुकट दाखवतात, तीनचा नियम पण नाही. पण दहा वर्षांच्या पोराला चार दिवसांची मॅच दाखवा बघू. जामठावाले दादा, तुम्हीच या त्याला समजवायला.

शेतकी_पदवीधर
टीमचं मला काही कळत नाही, मी खेळ बघत नाही. कोर्जेटबद्दल मात्र दोन गोष्टी, कारण वर कुणीच बोललं नाही.

एक, फळं कमी हवी असतील तर मादी फुलं तोडा. देठाशी बोटाएवढं कोवळं कोर्जेट दिसतं ती मादी, नुसत्या बारीक दांडीवर असतं ते नर. भोपळ्याच्या फुलांची भजी करतो तशी दोन्हींची होतात, आतले केसर काढून, मुंगी आहे का बघून.

दुसरी महत्त्वाची. चिरताना टोकाचा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागलं तर पूर्ण फळ टाका, काकडीसारखं टोक घासून फेस काढत बसू नका, उकळून, तळून तो कडवटपणा जात नाही आणि पोटाला वाईट बाधतो.  आणि स्वतःच्या फळाचं बी पुढच्या वर्षी लावू नका, जवळपास कुणी शोभेचे भोपळे लावले असतील तर संकर होतो आणि कडूपणा तिथूनच येतो. विकतचं बी घ्या. आणि पाच नका लावू.

न्यूजर्सीची_आजी
अगंबाई. मी मागच्या वर्षीचं बी ठेवलंय. टाकते.

म्हापसेकर
हलवा नको हो आजी, झुकिनीला दुध्याचा वास नाही, नुसता खवा खाल्ल्यासारखा लागतो. ताई, तुमच्याकडे ती मुसळाएवढी झालेली आहेत ना, तिथे त्याला मॅरो म्हणतात, ती म्हणजे आमचं तवसं, मोठी काकडी समजा. तवसळी करा, तवशाचा भाजलेला गोड पदार्थ. साल आणि बिया काढून किसायचं, दोन वाट्या कीस. पिळायचा नाही, ते पाणीच लागतं. एक वाटी तांदळाचा रवा कोरडा भाजून, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची, काजूचे तुकडे. सगळं एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवायचं, रवा पाणी पितो. घरी आई खाली-वर निखारे ठेवून करायची, तुम्ही ओव्हनला एकशे ऐंशीवर पाऊण तास. हळदीचं पान मिळालं तर तळाला. गरम असताना कापू नका, मोडते.

टीमचं सांगतो. आमच्याकडे २०१६ ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग ह्या तिन्ही फुटबॉल क्लबांनी आय-लीग सोडली. ज्यांना बघत मोठे झालो ते. तेव्हा एफसी गोवा होतीच, फातोर्ड्याला गर्दी पण असायची, पण मी दोन वर्षं गेलो नाही, रुसलो होतो. मग भाच्याने ओढत नेलं. त्याला धेंपो कोण ते माहीत पण नाही आणि त्याने घसा बसेपर्यंत ओरडून घेतलं. पुणेकरांचं दुःख मला कळतं, पण स्कूटर पुसू नका हो त्या टीशर्टने.

पेठेतला_पक्या
बरं. धुवून ठेवतो. पण मत बदललेलं नाही.

मँचेस्टर_मावशी
ताई, सिटीवरून मुलाशी काय ठरलं?

प्लॉटवाली_लेस्टर
ठरलं असं काही नाही. म्हणाला शाळेत सिटी, पण मैदानावर जायला मिळणार असेल तर लेस्टरला येतो, आणि चिप्स पाहिजेत. नवरा म्हणतो बघ, पोरगा राजकारणात जाणार. पुढच्या शनिवारी घरची मॅच आहे, तिकिटं काढली तिघांची. म्हणजे प्लॉटवर जाणं होणार नाही आणि रविवारपर्यंत अजून दोन मुसळं.

म्हापसेकर, तांदळाच्या रव्याऐवजी इथे गुजराती दुकानात ढोकळ्याचं पीठ असतं ते चालेल का? की गव्हाचाच घालू?

म्हापसेकर
ढोकळ्याच्या पिठात डाळ असते, आंबवायचं असतं ते, नको. तांदूळ धुवून वाळवून मिक्सरला जाडसर फिरवा. गव्हाचा घातलात तर केक होईल, चांगला होईल, पण मग त्याला तवसळी म्हणू नका.