मदत हवी आहे: जुन्या स्पीडबोटीचे मीटर आणि सेंडर बदलायचे आहेत, पेट्रोलचा काटा उलटा चालतो

नमस्कार मंडळी,

तारकर्लीला आमची एक जुनी अमेरिकन बनावटीची फायबरची बोट आहे. आत मर्क्रूझर ३.० लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागे स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंखा फिरवणारा भाग बोटीच्या मागे बाहेर). इंजिन ठणठणीत आहे, पण डॅशबोर्डवरच्या एकाही काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. जलक्रीडा ३१ ऑगस्टपर्यंत बंद असल्यामुळे बोट शेडमध्ये ओढून ठेवली आहे. या पावसाळ्यातच हे काम उरकायचं आहे.

आधीच्या मालकाने पेट्रोलचा आणि आरपीएमचा मीटर बदलला होता, बाकीचे मूळचे आहेत. टाकी तुडुंब भरली की पेट्रोलचा काटा रिकाम्याच्या जरासा वर असतो. पेट्रोल संपत जाईल तसा तो चढतो आणि टाकी कोरडी झाली की ‘फुल’च्याही पलीकडे जाऊन टेकतो. सध्या आम्ही टाकीत पट्टी बुडवून अंदाज घेतो. पण देवबागच्या संगमाच्या तोंडाशी पाण्याला जबर ओढ असते. माणसं बोटीत असताना तिथे पेट्रोल संपलं तर काय होईल, या विचाराने झोप लागत नाही.

आरपीएमचा काटा पूर्ण थ्रॉटलला २२००च्या आसपास अडकतो, इंजिनाचा आवाज मात्र त्याच्या दुप्पट वेगाचा. तापमानाचा काटा थरथरतो आणि दिवे लावले की उडी मारतो. ऑइल प्रेशर कायम शून्य. मेस्त्रींनी बाहेरून साधा प्रेशर मीटर लावून पाहिला तेव्हा प्रेशर व्यवस्थित होतं.

सेंडर, म्हणजे मीटरला माप पाठवणारा टाकीतला किंवा इंजिनावरचा भाग, घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणतो, “कुठलाही सेंडर घाला, सगळे सारखेच.” मला ते पटत नाही. अख्खा संच बदलू की एकेक? आणि सेंडर निवडायचा कसा?

खाडीकर:

दादा, दुकानदाराचं अजिबात ऐकू नका. सेंडर म्हणजे पेट्रोलच्या पातळीप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स, आणि त्याचे दोन मुख्य प्रकार चालतात. अमेरिकन सेंडर टाकी रिकामी असताना २४० ओहम दाखवतो आणि भरल्यावर ३३. युरोपियन बरोबर उलटा: रिकामी १०, भरलेली १८०. तुमच्या टाकीत बहुतेक मूळचा अमेरिकन सेंडर आहे आणि डॅशबोर्डवर कोणीतरी युरोपियन मीटर बसवला आहे. भरल्या टाकीचे ३३ ओहम त्या मीटरला जवळजवळ रिकामे वाटतात आणि रिकाम्या टाकीचे २४० म्हणजे ‘फुल’च्या पुढचे. दोन्ही वस्तू चांगल्या, फक्त जोडी चुकलेली.

खरेदीच्या आधी खात्री करून घ्या. मीटरच्या मागे तीन टोकं असतात: आय म्हणजे चावीचे १२ व्होल्ट, जी म्हणजे अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी वायर), एस म्हणजे सेंडर. एसची वायर काढा आणि चावी फिरवा. अमेरिकन मीटर ‘रिकामी’ दाखवेल, युरोपियन ‘फुल’च्या पार जाईल. मग एसला अर्थ द्या, दोन्ही उलटे वागतील. हे सगळं डॅशबोर्डपाशीच करा. टाकीजवळ वायर टेकवून ठिणगी पाडायचा विचारही करू नका.

आरपीएमचं काम पाच मिनिटांचं आहे. त्या मीटरच्या पाठीवर ४, ६, ८ सिलिंडरचा छोटा सिलेक्टर असतो. तुमचा ८ वर असणार, म्हणून निम्मा आकडा येतो. बॅटरीची वायर काढा, सिलेक्टर दोन्ही बाजूंना काही वेळा फिरवा म्हणजे आतला गंज निघेल, आणि ४ वर आणून सोडा.

परदेशी तांडेल:

न्यू जर्सीत माझ्याकडे याच इंजिनाची बोट आहे, म्हणून थोडी भर घालतो. दिवे लावल्यावर तापमानाचा काटा उडतो, म्हणजे आधी अर्थ तपासा. काळी वायर एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी साखळीने गेलेली असते. त्यातलं एक थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) गंजून हिरवं पडलं की दिव्यांचा करंट मीटरमधून वाट शोधतो. कथील चढवलेली तांब्याची वायर घ्या, थिंबल नीट दाबून बसवा, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा. नवे मीटर आणायच्या आधी हे करा, निम्मे आजार इथेच बरे होतात.

कारखान्याचं वायरिंग शिल्लक असेल तर रंग असे: गुलाबी पेट्रोल, फिकट तपकिरी तापमान, फिकट निळी ऑइल, करडी आरपीएम, जांभळी चावी. तापमानाचा सेंडर आणि धोक्याच्या भोंग्याचा स्विच जवळजवळ सारखेच दिसतात. भोंग्याच्या वायरीवर तपकिरीसोबत निळी रेघ असते, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. ऑइलच्या सेंडरला आट्यांमधूनच अर्थ मिळतो, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळत बसू नका. आणि तो एका डॅशबोर्डसाठीचाच मागा. दोन ठिकाणी मीटर असलेल्या बोटींसाठी वेगळा, निम्म्या रेझिस्टन्सचा सेंडर येतो.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. एसची वायर काढल्याबरोबर काटा ‘फुल’च्या पार गेला, म्हणजे मीटर युरोपियनच. बॅटरीची वायर काढून, झाकणं उघडी ठेवून टाकीतला सेंडर बाहेर काढला. त्याची तरंगती दांडी खाली असताना २३८ ओहम, वर ३४. मधे मात्र एका जागी मल्टिमीटर एकदम कोरा होतो, तिथली पट्टी झिजली आहे. ऑइलच्या मीटरला सेंडरच्या वायरीतून अर्थ दिला तर काटा थेट टोकाला गेला, म्हणजे मीटर चांगला, सेंडर गेलेला. सिलेक्टर खरंच ८ वर होता. अर्थच्या साखळीतलं तिसरं थिंबल हाताने ओढल्याबरोबर निघून आलं, आतल्या तारांचा नुसता हिरवा भुगा.

आता अख्खा संच घेत नाही. पेट्रोलचा मीटर आणि सेंडर दोन्ही अमेरिकन मापाचे, ऑइलचा सेंडर, आणि सगळी अर्थ नवी. एकच अडलंय. दांडीवाल्याऐवजी स्टीलच्या नळीत तरंगणारा सेंडर घ्यावा का? टाकी आतून २८ सेंटीमीटर खोल आहे.

खाडीकर:

जरूर घ्या, लाटेत त्याचा काटा कमी नाचतो. लांबी टाकीच्या खोलीपेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर कमी हवी, तळाला टेकता कामा नये. तुम्हाला २५ चा चालेल. पाच स्क्रूंची भोकं समान अंतरावर नसतात, त्यामुळे झाकण एकाच दिशेने बसतं, जोर लावू नका. गॅस्केट पेट्रोलला टिकणाऱ्या नायट्राइल रबराचंच. टाकी ॲल्युमिनियमची असेल तर टाकीची अर्थ वायरही याच वेळी बदला. बसवून झाल्यावर पाच-पाच लिटर ओतत प्रत्येक वेळी काटा कुठे येतो ते लिहून ठेवा. तो कागद डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला चिकटवा, बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल.